लोखंडी आहे, काहीही शिवेल

पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं काळ्याभोर शिलाई मशीनच्या पाठीवर थाप मारली आणि समोरच्या मुलीला सांगितलं, “ताई, लोखंडी आहे, काहीही शिवेल.” मुलीच्या खांद्यावर सोलापुरी चादर होती, तिला त्या चादरींच्या पिशव्या शिवायच्या होत्या. तिनं चादरीची चार पदरी घडी दाबाच्या पायाखाली सरकवून बघितली, घडी आत गेली, आणि तिथेच सौदा ठरला. मशीन होतं सिंगरचं २८ के, लांबुळक्या शटलचं (बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, ज्यात बसते ते), अंगावरची सोनेरी नक्षी अजून शाबूत असलेलं. चाक कुणी फिरवून पाहिलं नाही. बॉबिन आहे का, एकच आहे की जास्त, हेही कुणी विचारलं नाही. सौदा वाईट झाला असं नाही. २८ के हे फार गुणी मशीन आहे. पण ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना, कारण ते निम्मं खरं आहे, आणि जड कापड शिवू पाहणारी बहुतेक माणसं त्या खऱ्या निम्म्यावरच फसतात.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगाचा उपयोग आहेच. जड सांध्यावर सुई अडते तेव्हा हलकं मशीन टेबलावर उड्या मारतं, त्याची मान किंचित लवते आणि सुई आणि तिचा दोरा खालून पकडणारा हुक यांची भेट चुकते. बिडाचं अंग तसूभरही हलत नाही. पण शिवण्याचं काम अंग करत नाही. १९५० च्या दशकात सिंगरनं २०१ के हे आपलं नावाजलेलं मशीन ॲल्युमिनियमच्या अंगात काढलं. उचलायला हलकं, आतले दांडे आणि गिअर मात्र तेच लोखंडी. ज्यांनी दोन्ही चालवली आहेत त्यांना ठाऊक आहे की डेनिम दोन्ही सारखंच शिवतात. म्हणजे पाहायचं ते अंगाच्या आत: सुईचा दांडा, हुक, कापड पुढे सरकवणारे दाते, आणि दाबाचा पाय किती वर उचलला जातो ते.

त्याहीआधी कापडाकडे पाहायला हवं. आपण सरसकट ‘जाड’ म्हणतो त्या कापडांचा त्रास एकसारखा नसतो. घोंगडी जाड असते पण भुसभुशीत. सुई तिच्यातून लोण्यासारखी जाते. अडचण अशी की पाय तिच्यात रुततो आणि वरचा पदर पुढे ढकलला जातो. हातभर शिवण झाली की वरचा पदर बोटभर पुढे आलेला दिसतो, कारण दाते फक्त खालच्या पदराला धरून ओढतात. कॅनव्हासचं उलटं. चार पदर केले तरी उंची फारशी होत नाही, पण वीण इतकी घट्ट की प्रत्येक टाक्याला सुईला वाट पाडावी लागते, सुई तापते आणि वर येताना कापडाला सोबत उचलते. रेक्झिन आणि ताडपत्री पायाच्या तळाला चिकटतात. शिवाय एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. आणि जीन्सचं कापड सपाटीवर कुठलंही मशीन शिवतं. खरी परीक्षा पायाच्या तळाशी, आतल्या बाजूच्या सांध्यावर. तिथे सांध्यातच चार पदर एकमेकांत गुंतलेले असतात, त्यावर काठाची दुहेरी घडी येते, म्हणजे बारा पदर. चौदा औंसाचं (चौरस यार्डाला तेवढ्या वजनाचं, म्हणजे जड) डेनिम असेल तर दाबूनही ती उंची घरगुती मशीनच्या पायाच्या उचलीपर्यंत जाऊन भिडते.

घरगुती जुन्या मशीनचा पाय साधारण सहा मिलिमीटर उचलला जातो. लिव्हर हातानं आणखी वर रेटून घडी खाली घुसवता येते, पण पाय खाली सोडल्यावरही तो घडीवर टेकलेला नसून अडकलेला असतो. चार पदर पायाखाली गेले म्हणजे ते शिवले जातील, असं नाही.

आता मशीनं. २८ के आणि तिची मोठी बहीण १२७, यांच्यात शटल होडीसारखं पुढेमागे झुलतं आणि बॉबिन लांब, बारीक, काडीसारखी असते. ही मशीनं सावकाश चालतात, सुई ताकदीनं घालतात आणि टाका फार देखणा देतात. पण त्या लांब बॉबिनवर जाड दोरा थोडाच मावतो. पिशवीची एक मोठी बाजू शिवेपर्यंत बॉबिन संपते, आणि संपल्याचं कळतं तेव्हा निम्मी शिवण नुसत्या भोकांची झालेली असते. शटलच्या पोटातल्या पातळ स्प्रिंगखालून जाड दोरा कुरकुरत जातो. शटल हरवलं किंवा त्याचं टोक झिजलं तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे ते मिळत नाही. गोधडीच्या कडा, चादरीची दुमड, पडदे यांसाठी २८ के जरूर घ्यावं. रोज दहा पिशव्या शिवायच्या असतील तर नको.

माझा कौल बिनदिक्कत १५ च्या घराण्याला आहे. सिंगर १५ के, आणि त्याच धाटणीवर आपल्याकडे बनलेली उषा, मेरिट आणि लुधियानातल्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांची काळी मशीनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्यासारख्या मुंबईच्या एजंटांनी सिंगर गावोगाव नेलं. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं उषा काढलं आणि स्वातंत्र्यानंतर परदेशी माल आटला तसं तेच घरोघरी गेलं. त्याचा फायदा आज होतो. या मशीनचे दाते, हुक, बॉबिन केस, सुईखालची पट्टी, टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची, स्प्रिंग, सगळं तालुक्याच्या गावातही मिळतं. कधीकधी धाग्याबटणांच्या दुकानातसुद्धा.

पण सुटे भाग मिळतात एवढंच कारण नाही. या मशीनची बॉबिन केस डाव्या तोंडाशी उभी बसते आणि चिमटीत धरून बाहेर काढता येते. केस हातात आली की खालच्या दोऱ्याचा ताण हवेत तपासता येतो: दोऱ्याला धरून केस लोंबकळू द्यायची, हलका हिसडा द्यायचा, ती बोट दोन बोटं घसरून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर ताण कमी, हललीच नाही तर जास्त. बाजूचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा. जड काम करणाऱ्यानं दोन केस ठेवाव्यात, एक रोजच्या दोऱ्याला लावलेली आणि दुसरी जाड दोऱ्याला. दुसरीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा म्हणजे गफलत होत नाही. हुकाच्या घरात दोरा अडकला तर दोन खटके बाजूला सारून कडं काढायचं, हुक तळहातावर घ्यायचा, आतला नमद्यासारखा दाबून बसलेला तंतूंचा गोळा टाचणीनं ओढून काढायचा, जिथे हुक फिरतो त्या खाचेत तेलाचा एक थेंब सोडायचा आणि परत बसवायचं. दहा मिनिटांचं काम, एकही स्क्रू न उघडता.

६६ के आणि २०१ के यांची बॉबिन वरून, सरकत्या पट्टीखाली आडवी बसते. वापरायला सोयीची, पण गुंता झाला तर सुईखालची पट्टी उघडावी लागते, आणि खालचा ताण हातात घेऊन तपासता येत नाही. २०१ के चा हुक अर्धवट झुलत नाही, पूर्ण गोल फिरतो, धातूच्या गिअरवर चालतो, आणि आवाज इतका मऊ की शेजारच्या खोलीत कळूही नये. एकसारख्या घट्ट कापडाला, म्हणजे कॅनव्हास, गॅबर्डिन, सोफ्याचं कापड यांना, २०१ के सारखं घरगुती मशीन नाही. पण त्याचा पायही काही जास्त उचलला जात नाही. ज्यांना झिगझॅग हवाच आहे त्यांनी जर्मन फाफ १३० शोधावं. दणकट आहे, फक्त वरचा आणि खालचा दांडा जोडणारा तिचा पट्टा धातूच्या चिमट्यांचा असतो, तो शाबूत आहे का ते झाकण उघडून बघावं, कारण तो सहजासहजी मिळत नाही.

घरगुती सोडून शिंप्याच्या कारखान्यातलं घ्यायचं तर ३१ के. लांब हात, मोठा पाट (कापड टेकतं तो तळ), जास्त उचल, आणि गोल बुंध्याची सुई. घरच्या सुईच्या बुंध्याला एक बाजू सपाट असते, याची नसते. त्यामुळे सुई थोडी तिरकी बसली तर टाका सुटतो. सुईचा नंबर मशीनसोबत विचारून घ्यावा, आणि मशीन घेण्याआधी ती सुई बाजारात मिळते याची खात्री करावी. हाच नियम फार जुन्या, फिडलच्या आकाराच्या पाटाच्या मशीनला जास्तच लागू: तिच्या सुया बनणंच बंद झालं आहे आणि ती शोभेलाच ठेवावी. चांभाराच्या दुकानातलं २९ के पाहून पुष्कळांना मोह होतो. त्याचा पाय वरून कापड ओढतो आणि सगळ्या दिशांना वळतो, बुटाच्या टोकापर्यंत त्याचा निमुळता हात जातो. चप्पल, दप्तर, बॅगेचे कान यांची डागडुजी करावी तर त्यानंच. पण सरळ दोन हात शिवण एका रेषेत हवी असेल तर ते मशीन त्यासाठी नाही, आणि त्याची बॉबिन बहुधा बोटाच्या पेराएवढी असते.

तपासताना पट्टा आधी उतरवावा. मग चाक आपल्याकडे, अगदी सावकाश, पूर्ण फेरा फिरवावं. सगळीकडे सारखं जड लागत असेल तर घाबरायचं कारण नाही. वर्षानुवर्षांचं तेल वाळून राळेसारखं झालेलं असतं. प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे थेंब सोडून, दिव्या-शेगडीपासून लांब, दोन दिवस ठेवलं आणि पुसून मशीनचं तेल घातलं की ते मोकळं होतं. रॉकेल मळ काढतं, वंगण नाही. नंतर तेल न घालता चालवलं तर दांडे खरवडतात. मात्र फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर काहीतरी वाकलेलं आहे, किंवा हुकाच्या घरात तुटक्या सुईचं टोक आहे. टोक निघतं. वाकलेला दांडा निघत नाही.

पुढे सुईचा दांडा. तो खाली आणून चिमटीत धरावा आणि बाजूला हलवावा. जाणवण्याइतका खुळखुळला तर पातळ कापडावर मशीन शिवेल आणि कॅनव्हासवर टाके सोडेल, कारण जड कापडात सुई आधीच वाकत असते आणि वर येताना तिच्यामागे होणारा दोऱ्याचा फास हुकाच्या टोकापासून केसभर लांब राहतो. मग हुकाचं टोक. त्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर बारीक पॉलिश पेपरनं घासून ठीक होतं. टोक बोथट झालं असेल तर हुक बदलायचा. दाते उन्हात तिरके धरून पाहावेत, टोकं चकाकत असतील तर झिजलेत आणि सुती कापड सरकवतील पण चादर नाही. सुईच्या भोकाभोवती ओरखड्यांचं जाळं दिसलं तर समजावं की आधीच्या मालकानं जाड कापड मागून ओढून शिवलं होतं: ओढल्यानं सुई वाकते, पट्टीवर आपटते, आणि प्रत्येक वेळी तिथे एक खाच पाडून जाते. त्याच खाचांत पुढे दोरा तुटतो. रंग उडाला, नक्षी पुसली, पाटाला चिरा गेल्या, यांपैकी कशाचाही शिवणीशी संबंध नाही. उलट अशा मशीनचा भाव उतरतो, हे बरंच.

सिंगरच्या पाटावरचा आकडा वाचायची सवय लावून घ्यावी. मॉडेलच्या नंबरमागचा ‘के’ म्हणजे स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमधला किलबोवी कारखाना; तो १९८० ला बंद झाला. पाटावरच्या अनुक्रमांकाआधीच्या इंग्रजी अक्षरांवरून मशीन कुठल्या सालचं हे काढता येतं. साल कळल्यानं मशीन चांगलं ठरत नाही, पण विक्रेता शंभर वर्षांचं म्हणून सांगतोय ते साठ वर्षांचं आहे हे कळतं.

दोरा आणि सुई यांच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि बिघडतं सगळ्यात जास्त तिथेच. पॉलिएस्टर दोऱ्याचा टिकट नंबर जितका लहान तितका दोरा जाड. रोजच्या शिवणीला १२०, चादरीच्या पिशवीला ८०, जीन्सच्या वरच्या दिसणाऱ्या शिवणीला ४०, म्हणजे साधारण टेक्स ७५ (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं दुसरं माप). घरगुती मशीनची मर्यादा इथे संपते. २० टिकटचा पोत्याच्या दोऱ्यासारखा दोरा सुईच्या नेढ्यातून जातो, पण टेन्शनच्या चकत्या आणि हुक यांच्यातून सुरळीत जात नाही. ४० चा दोरा वर घातला तरी बॉबिनवर ८० चाच घालावा. शिवण मजबूतच होते आणि गाठ कापडाच्या पोटात बसते. सुई ४० च्या दोऱ्याला १८ नंबर, ८० च्या दोऱ्याला १६. मोठी सुई घातल्यावर पहिले चार टाके चाक हातानं फिरवून घालावेत आणि ती हुकाला घासत तर नाही ना ते बघावं. चामड्याच्या सुईचं टोक सुरीसारखं धारदार असतं. कॅनव्हासवर ती वापरली तर वीण कापते आणि पिशवी ओझ्यानं त्याच रेषेत फाटते. सुईची सपाट बाजू डावीकडे की उजवीकडे हे मॉडेलनुसार बदलतं. उलटी बसली तर एकही टाका पडत नाही, आणि चांगलं मशीन त्या एका चुकीपायी भंगारात जातं.

टाक्याची लांबी वाढवावी. जुन्या सिंगरच्या लिव्हरवर ६ ते ३० आकडे असतात, ते इंचातले टाके. जड कापडाला ६ ते ८. बारीक टाके घातले तर कापडात भोकांची रांग होते आणि घट्ट कॅनव्हास त्या रांगेवर फाटतो. शिवाय लिव्हर ६ वर असूनही जाड थरावर टाका लहानच पडतो, कारण कापड दात्यांवर थोडं घसरतं. वरचा दाबाचा स्क्रू घोंगडीसाठी सैल करावा, कॅनव्हाससाठी आवळावा. सुई वर येताना कापड उचलत असेल तर दाब कमी पडतोय, टाके सुटण्याचं निम्मं कारण ते.

सांध्यावर चढताना काय होतं हे एकदा डोळे खाली नेऊन बघावं. पायाचा पुढचा भाग सांध्यावर चढतो, टाच खालीच राहते, पाय तिरका होतो. दात्यांवर फक्त टाच दाबते, कापड जागच्या जागी राहतं, सुई एकाच भोकात तीनचारदा जाते आणि खाली दोऱ्याचा गुच्छ होतो. उपाय साधा आहे: सुई कापडात ठेवून पाय उचलावा, टाचेखाली सांध्याइतक्याच उंचीची कापडाची किंवा पुठ्ठ्याची घडी सरकवावी, पाय खाली सोडावा. आता तो सपाट आहे. सांधा ओलांडून पाय पलीकडे उतरू लागला की तीच घडी काढून पायाच्या पुढच्या टोकाखाली द्यावी. त्याआधी सांध्यातला आतला जादा पदर कात्रीनं कमी करावा आणि उरलेला लाकडी हातोडीनं ठोकून बसवावा. हे टाके पायडलनं नव्हे, हातानं चाक फिरवून घालावेत.

पायडल की मोटर, यात जड कापडासाठी माझं मत पायडलला. मशीनच्या बाजूला बसवायची छोटी मोटर वेगानं फिरते तेव्हा जोर दाखवते, आणि सांध्यावर आपल्याला नेमका वेग नको असतो. मोटर गुरगुरते, तापते, मग एकदम सुटून तीन टाके भलतीकडे घालते. जुन्या मशीनसोबत जुनी मोटरही आली असेल तर तिच्या वायरीचं रबर वाकवून पाहावं. भुगा झाला तर प्लगला लावूच नये. पायडलच्या स्टँडचं मोठं चाक जड असतं, तोच फिरता जोर सुईला सांध्यातून पार नेतो. स्टँड घेताना बिडाचे पाय तडकलेत का, पायडलला जोडलेली सळई खडखडते का, ते बघावं. सळईचा खडखडाट खालचा नट आवळून जातो. चामडी पट्टा नवाच घ्यावा आणि मापापेक्षा अर्धा इंच आखूड कापून पिन मारावी. नवं चामडं आठवड्याभरात तेवढं ताणतं, आणि सैल पट्टा सपाटीवर चालतो, नेमका जाड सांध्यावर घसरतो.